नक्की कुठली पिशवी? लघवीच्या पिशवीचा जन्मदोष असलेल्या तरुणीचं अंग बाहेर येतं तेव्हा

तासगाव तालुक्यातल्या एका आईने प्रश्न विचारला आहे. थोडक्यात असा: ‘माझी मुलगी २३ वर्षांची आहे. जन्मली तेव्हा तिची लघवीची पिशवी पोटावर उघडी होती. लहानपणी मुंबईत चार ऑपरेशनं झाली. शेवटच्या वेळी आतड्याचा तुकडा लावून पिशवी मोठी केली आणि बेंबीतून नळी घालून लघवी काढायची सोय करून दिली. ती सगळं स्वतः करते, नोकरी करते. लग्नाला दीड वर्ष झालं, मूल नाही. गेल्या सात-आठ महिन्यांपासून तिचं अंग बाहेर येतंय. इथल्या एका डॉक्टरांनी सांगितलं, पिशवी काढून टाका म्हणजे त्रासच संपेल. काढावी का? दुसरं काही ऑपरेशन असतं का? आणि तिला मूल होईल का?’

ताई, आधी उत्तर सांगते, मग कारणं. अंग बाहेर येणं म्हणजे गर्भाशय खाली सरकून योनीमार्गातून बाहेर येणं. त्यासाठी गर्भाशयाची पिशवी काढू देऊ नका. दुसरं ऑपरेशन आहे, त्यात गर्भाशय जागेवर ठेवून वर बांधून घेता येतं. मूल होण्याची शक्यताही आहे. पण हे ऑपरेशन नेहमीच्या अंग बाहेर येण्याच्या ऑपरेशनसारखं नाही, आणि ते एकट्या स्त्रीरोगतज्ज्ञाने करायचंही नाही.

आपल्याकडे ‘पिशवी’ हा एकच शब्द लघवीच्या पिशवीलाही वापरतात आणि गर्भाशयालाही. माझ्याकडे कोणी ‘लहानपणी पिशवीचं ऑपरेशन झालंय’ म्हणत आलं की पहिला प्रश्न माझा हाच असतो, कुठली पिशवी? यावरून गोंधळ झालेला मी पाहिला आहे. सोनोग्राफीत गर्भाशयासमोर जाड भिंतीची, आत चिकट गाळ असलेली एक पोकळी दिसली, कोणीतरी तिला गाठ समजलं, आणि पोट उघडायची तयारी झाली. ती गाठ नव्हती, आतड्याने मोठी केलेली लघवीची पिशवी होती. आतला गाळ म्हणजे आतड्याच्या अस्तराने सोडलेला श्लेष्म, म्हणजे बुळबुळीत स्राव. तुमच्या मुलीची सोनोग्राफी कोणीही करत असो, हे आधी सांगा. तपासणीच्या कागदावर वर मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

या जन्मदोषाला आम्ही ब्लॅडर एक्स्ट्रॉफी म्हणतो. साधारण ३० ते ५० हजार जन्मांमागे एका बाळात तो असतो आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त. गर्भात पोटाच्या खालच्या भागाची पुढची भिंत जुळून येत नाही, त्यामुळे लघवीची पिशवी बाहेर उघडी राहते. लोकांना वाटतं दोष तेवढाच. पिशवी बंद केली, लघवीची सोय झाली, विषय संपला. पण भिंतीबरोबर पुढची हाडंही जुळलेली नसतात. तुमच्या-माझ्या ओटीपोटात पुढे मधोमध दोन हाडं एकमेकांना भिडून कमरेचा वेढा पुरा करतात. या मुलींमध्ये त्या दोन हाडांत काही सेंटीमीटरचं अंतर असतं, ती बाहेरच्या बाजूला वळलेली असतात, आणि त्यांचा पुढचा भाग नेहमीपेक्षा साधारण ३० टक्के आखूड असतो.

घागरीखालची चुंबळ आठवा. तिचा वेढा पुरा असेल तर भरलेली घागर डोक्यावर नीट बसते. पुढून वेढा सुटला की घागर तिरकी होते आणि खाली सरकते. ओटीपोटाचा तळ धरणारे स्नायू याच वेढ्याला बांधलेले असतात. एरवी या स्नायूंचा जवळपास निम्मा भाग गुदमार्गाच्या पुढे आणि निम्मा मागे असतो. एक्स्ट्रॉफीत सुमारे ७० टक्के मागेच राहतो, पुढे फट मोठी पडते आणि आधार कमी. त्यात योनीमार्ग आखूड असतो, उभा न जाता जवळजवळ आडवा जातो, त्याचं तोंड पुढे सरकलेलं असतं आणि गर्भाशयाचं मुख त्या तोंडाच्या अगदी जवळ. मग जोर पडला की ते बाहेर यायला कितीसा वेळ लागणार? म्हणूनच ज्या वयात इतर मुलींना हा आजार माहीतही नसतो त्या वयात, एकही बाळंतपण न होता, यांचं अंग बाहेर येतं. सतरा-अठराव्या वर्षीही येतं. तुमच्या मुलीने काही जड उचललं, काही चुकीचं केलं म्हणून हे झालेलं नाही. हे तिला आणि तिच्या सासरच्यांना स्पष्ट सांगा.

आता गर्भाशय काढण्याबद्दल. आपल्या भागात चाळिशीच्या आतबाहेरच्या बाईला काहीही झालं की पिशवी काढायचा सल्ला फार सहज मिळतो. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार महिलांची गर्भाशयं काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात ऊस तोडायला येणाऱ्या बायकांच्या तोंडून मी ते आधीपासून ऐकत होते. पण गर्भाशय खाली येतं ते त्याचा आधार सुटल्यामुळे. गर्भाशय काढल्याने आधार परत येत नाही. उलट गर्भाशयाला मागून धरून ठेवणारे जे काही बंध उरलेले असतात तेही कापले जातात, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी योनीचा वरचा भाग उलटून बाहेर येतो. एक्स्ट्रॉफीच्या मुलीत योनीमार्ग मुळातच आखूड, तो पुन्हा वर बांधायचा तर पकडायला काही उरत नाही. शिवाय तुमच्या मुलीला मूल हवं आहे. २३ व्या वर्षी ही वाट बंद करायला एकही वैद्यकीय कारण तुमच्या पत्रात मला दिसत नाही.

बाकीचे नेहमीचे उपायही इथे थिटे पडतात. आत बसवायची रिंग पुढच्या हाडाच्या आडोशाला टेकून राहते. इथे ते हाडच मधोमध नाही, त्यामुळे रिंग एक तर निसटते किंवा अरुंद तोंडातून आत जातच नाही. ओटीपोटाचे व्यायाम करायला माझी हरकत नाही, पण पूर्ण बाहेर आलेलं अंग त्याने आत जाणार नाही. खालून, म्हणजे योनीमार्गातून टाके घालून भिंती घट्ट करायचं ऑपरेशन इथे टिकत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या उमेदीच्या काळात जत भागातली अशीच एक तरुण मुलगी आली होती. तेव्हा मी ज्या रुग्णालयात होते तिथे आम्ही तिचं खालूनच ऑपरेशन केलं. ऑपरेशन छान झालं असं आम्हाला वाटलं. चार महिन्यांत अंग पुन्हा बाहेर आलं, आणि टाक्यांच्या वणांमुळे आधीच आखूड असलेला योनीमार्ग आणखी आखूड झाला. तिला संबंध ठेवताना दुखायला लागलं. तिच्या लहानपणीचे कागद मी ऑपरेशनच्या आधी नीट वाचले नव्हते. ती चूक माझी होती आणि तिची किंमत तिने मोजली. दुसरं ऑपरेशन मूत्रविकार शल्यचिकित्सकांना शेजारी उभं करून पोटातून केलं. तिचं अंग तेव्हापासून वर आहे. तेव्हापासून जुन्या ऑपरेशनचे कागद हातात आल्याशिवाय मी अशा मुलीला तारीख देत नाही.

तरुण मुलींचं अंग बाहेर येण्यावर आपल्या महाराष्ट्रात फार जुनं आणि चांगलं काम झालेलं आहे. मुंबईच्या पुरंदरे यांच्या नावाने ओळखलं जाणारं ऑपरेशन, शिरोडकर यांचं स्लिंग म्हणजे आधाराची पट्टी, ही गर्भाशय वाचवणारीच ऑपरेशनं. आम्ही सगळे ती शिकून मोठे झालो. त्यामुळे तुम्हाला कोणी ‘पुरंदरे करू’ म्हणालं तर तो डॉक्टर जाणकार आहे, पण थोडं थांबायला सांगा. त्या पद्धतीत पोटाच्या पुढच्या भिंतीतल्या पांढऱ्या मजबूत पडद्याच्या पट्ट्या काढून त्यांनी गर्भाशयाचं मुख पुढे पोटाकडे ओढून बांधतात. तुमच्या मुलीच्या पोटाची पुढची भिंत जन्मतःच अपुरी होती, चार वेळा उघडलेली आहे, आणि गर्भाशय व भिंत यांच्या मधोमध आतड्याने मोठी केलेली पिशवी बसलेली आहे. पट्टी जाणार कुठून? गर्भाशय पुढे ओढलं की मागची जागा आणखी मोकळी होते आणि तिथून आतडी खाली उतरायला लागतात. शिरोडकरांच्या पद्धतीत पट्टी मागे मणक्याकडे नेतात. ती दिशा या मुलींना मानवते.

म्हणून माझी पसंती सॅक्रोहिस्टेरोपेक्सीला आहे. गर्भाशयाच्या मुखाच्या मागच्या बाजूला आणि योनीच्या मागच्या भिंतीवर कृत्रिम जाळीची किंवा स्वतःच्या शरीरातल्या पडद्याची पट्टी शिवायची, ती गुदमार्गाच्या उजव्या बाजूने मागे न्यायची, आणि कमरेचा मणका जिथे खालच्या त्रिकोणी हाडाला मिळतो तिथल्या मजबूत अस्थिबंधाला टाक्यांनी अडकवायची. ताण द्यायचा नाही, नुसती टेकवायची. मग पोटातला पातळ पडदा ओढून पट्टी पूर्ण झाकायची, नाहीतर आतडी तिला चिकटतात. पुढच्या बाजूला, लघवीची पिशवी आणि योनी यांच्या मध्ये, मी जाळी घालत नाही. तिथे मुळात नीट थरच नसतो आणि पिशवी फाटायची भीती मोठी.

ऐकायला सरळ वाटतं. अवघड भाग त्याच्या आधी असतो. चार वेळा उघडलेल्या पोटात सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं. म्हणून पोट उघडताना मूत्रविकार शल्यचिकित्सक माझ्यासोबत पहिल्या चिरेपासून असतात. आधी ते बेंबीच्या वाटेने नळी घालून पिशवीत सलाइन भरतात, म्हणजे तिची कड दिसते. मूत्रपिंडांतून पिशवीत लघवी आणणाऱ्या मूत्रनलिका लहानपणी नव्या जागी जोडलेल्या असल्या तर त्यांत बारीक नळ्या घालतात, म्हणजे बोटाला लागतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आतड्याचा जो तुकडा पिशवीला लावला आहे त्याचा रक्तपुरवठा एका देठातून येतो. तो देठ कापला गेला तर लावलेला तुकडा मरतो. देठ कुठून येतो हे जुन्या ऑपरेशनच्या नोंदीत लिहिलेलं असतं. तो कागद मी एवढा का मागते ते आता कळलं असेल. बेंबीची वाट बहुतेक वेळा अपेंडिक्सपासून केलेली असते, तिचाही असाच देठ असतो. दुर्बिणीने हे ऑपरेशन इतर बायकांत उत्तम होतं, पण इतक्या चिकटलेल्या पोटात मी उघडूनच करते. इतर वेळी लागणारा वेळ धरून चालू नका, दुप्पटही लागू शकतो.

जाळीची भीती अनेकांनी वाचलेली असते. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अंग बाहेर येण्यासाठी योनीमार्गातून बसवायच्या जाळ्यांची विक्री थांबवायला लावली, ती बातमी इथपर्यंत आली. तो आदेश पोटातून मणक्याला बांधायच्या जाळीला लागू नव्हता. तरी जोखीम शून्य नाही. नळीने लघवी काढणाऱ्या मुलींच्या लघवीत जंतू जवळपास कायम असतात. ऑपरेशन करताना लघवीची पिशवी किंवा आतडं उघडलं गेलं तर ते जंतू जाळीवर बसतात, आणि मग ती जाळी काढल्याशिवाय सुटका नाही. म्हणून माझा नियम असा की आधी लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू ओळखायची तपासणी, करून योग्य औषध द्यायचं, आणि आत काही उघडलं गेलंच तर कृत्रिम जाळी घालायची नाही, मांडीच्या बाहेरच्या बाजूचा मजबूत पडदा काढून त्याची पट्टी वापरायची. ही शक्यता धरून मांडी आधीच स्वच्छ करून ठेवलेली असते आणि सहीही आधी घेतलेली असते.

आणखी एक गोष्ट लहान वाटते पण जिवावर बेतू शकते. लहानपणापासून इतकी ऑपरेशनं आणि रबरी नळ्या झालेल्या या मुलींना लॅटेक्स रबराची ॲलर्जी असण्याची शक्यता बरीच असते. पाठीच्या कण्याचा जन्मदोष असलेल्या मुलींचंही तसंच. फुगा फुगवताना ओठ सुजतात का, हातमोज्यांनी खाज येते का, हे तिला विचारा आणि भूलतज्ज्ञांना न विसरता सांगा. हातमोजे, नळ्या, सगळं लॅटेक्सविरहित ठेवता येतं, फक्त आधी कळायला हवं.

आता ऑपरेशन कधी? यावर डॉक्टरांतही एकमत नाही, मी माझं मत सांगते. गरोदरपणात पोटाचा भार वाढतो आणि बांधलेलं गर्भाशयही पुन्हा खाली येऊ शकतं. म्हणून जमत असेल तर आधी मूल, मग ऑपरेशन. पण तीन गोष्टींपैकी एक जरी असली तरी मी थांबत नाही. खाली आलेल्या अंगामुळे मूत्रनलिका दुमडून मूत्रपिंडं सुजायला लागली असतील तर. बाहेर आलेल्या भागाला जखम होऊन ती भरत नसेल तर. किंवा अंग मध्ये येत असल्याने नवरा-बायकोचा संबंधच होऊ शकत नसेल तर. तिसरी गोष्ट कोणी आपणहून बोलत नाही, पण दीड वर्षात मूल का नाही याचं उत्तर तिथेच असू शकतं. या मुलींची अंडाशयं आणि गर्भाशय सहसा चांगली असतात. काहींचं योनीमुख अरुंद असतं, तेही थोडं मोठं करून देता येतं. ते बेताने, कारण फार मागे कापलं की उरलासुरला आधारही जातो.

तोवर घरी करायचं ते सांगते. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथणं हा या आजाराचा मोठा शत्रू आहे. खोकला अंगावर काढू नका. पाण्याच्या घागरी, वैरणीचे भारे, द्राक्षबागेत पाठीवरचा फवारणीचा पंप तिच्याकडे नको. दुपारी आणि रात्री कमरेखाली उशी घेऊन झोपलं की अंग आपोआप आत जातं, ओढाताण करायची नाही. जखम असेल तर ग्लिसरीन-ॲक्रिफ्लेव्हिनचा पॅक दवाखान्यात काही दिवस घ्यावा, भरते. आणि नळीची वेळ चुकवू नका. आतड्याने मोठी केलेली पिशवी तुंबून फुटू शकते. अचानक पोट दुखायला लागलं, फुगलं, ताप आला, तर ते गॅसवर ढकलून गोळी देऊ नका, त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात न्या.

दिवस राहिले तर काही गोष्टी आधीच माहीत हव्यात. लघवीवरची गरोदरपणाची पट्टी तिच्या बाबतीत फसवू शकते, आतड्यातल्या श्लेष्मामुळे दिवस नसताना दोन रेघा उमटू शकतात. रक्ताचीच तपासणी करा. गर्भ वाढेल तशी बेंबीतली वाट ताणली जाते, नळी जाईनाशी होते, मग काही आठवडे नळी आतच ठेवावी लागते. मूत्रपिंडांची सोनोग्राफी पुन्हा पुन्हा लागते. बाळंतपण सिझरने, ठरवून, दिवसाउजेडी, मूत्रविकार शल्यचिकित्सक टेबलाशी असताना. रात्री कळा सुरू झाल्यावर गाठेल ते हॉस्पिटल, असं तिचं होता कामा नये. गर्भाशयाच्या पुढे पिशवी आणि तिचा देठ असल्याने बऱ्याचदा गर्भाशयावर नेहमीच्या खालच्या आडव्या जागी चीर देता येत नाही, वर उभी द्यावी लागते. सासूबाई विचारतील तो प्रश्नही सांगून ठेवते: बाळाला हा दोष येईल का? आई किंवा वडिलांना एक्स्ट्रॉफी असेल तर सुमारे ७० बाळांत एकाला येतो. म्हणजे बहुतेक बाळं निरोगी जन्मतात.

ऑपरेशननंतर रुग्णालयात आठवडाभर धरा. पहिल्या दिवसापासून लघवीची पिशवी सलाइनने धुवावी लागते, नाहीतर श्लेष्माने नळी बंद होते. वॉर्डातल्या सिस्टरना हे माहीत असेलच असं नाही, तुमच्या मुलीला मात्र त्यांच्यापेक्षा चांगलं येतं. तिला ते करू द्या, ती सांगेल ते ऐकायला सांगा. तीन महिने जड काम नाही, संबंध डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावर. एक गोष्ट लपवत नाही, एवढं करूनही अंग पुन्हा खाली येऊ शकतं. हाडांचा वेढा अपुरा आहे तो अपुराच राहणार. पुन्हा आलं तर पुन्हा बांधता येतं, गर्भाशय जागेवर असेल तर जास्त सहज.

कुठे जायचं? तुम्हाला मिरज जवळ आहे. १८९४ पासून हे दवाखान्यांचं गाव, अथणी-विजापूरपासून माणसं इथे येतात, आणि स्त्रीरोग व मूत्रविकार दोन्हीचे अनुभवी शल्यचिकित्सक एका गावात मिळतात. पण ज्या डॉक्टरांकडे जाल त्यांना सरळ विचारा, एक्स्ट्रॉफीच्या किती मुलींचं पोट तुम्ही उघडलंय? ‘एकाही नाही’ म्हणणारा प्रामाणिक डॉक्टर तुम्हाला पुणे-मुंबईला पाठवेल, त्याचा राग मानू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा, नंतर विचारून उपयोग नसतो.

येताना मुंबईच्या ऑपरेशनचे कागद आणा. हरवले असतील तर त्या रुग्णालयाच्या नोंदणी विभागात मुलीच्या सहीचा अर्ज द्या, जुन्या नोंदी मिळाल्याचं मी पाहिलं आहे. रक्तातलं क्रिएटिनिन, बायकार्बोनेट आणि बी-१२, लघवीचं कल्चर, मूत्रपिंडांची सोनोग्राफी एवढं करून आणा. ओटीपोटाचा एमआरआय ज्यांनी ऑपरेशन करायचं त्यांनाच सांगू द्या, त्यांना हवा तसा काढून घेतील.

आणि तपासणीच्या वेळी थोडा वेळ तुम्ही बाहेर बसा, ताई. या मुलींना लहानपणापासून डॉक्टरांच्या घोळक्यांनी पाहिलेलं असतं, न विचारता. मी तिला आधी विचारेन, एकटीला विचारेन, आणि ती नको म्हणाली तर त्या दिवशी तपासणार नाही, नुसतं बोलू.